वेशीवरची हाक

फार मागची गोष्ट. हिवरपेठेच्या वेशीला तेव्हा लाकडी दरवाजे होते, आणि त्या वेशीत हैबती हलगीवाला उभा राहायचा. त्याचा आवाज नदीपलीकडची गुरंही ओळखायची, असं म्हणतात.

शहराची एक रीत होती. जत्रेच्या सकाळी हैबती हलगी वाजवून हिवरपेठेच्या नामांकित माणसांना हाक मारी. शहरात राहणाऱ्यांना, परमुलखात गेलेल्यांना आणि मेलेल्यांनाही. जो हजर असेल तो स्वतः ‘आहे’ म्हणे. जो नसेल त्याच्या रक्ताचं कुणीतरी त्याच्यासाठी ओ देई. ज्या नावाला ओ मिळाली नाही ते गळायचं, आणि गळलेलं नाव शहरात पुन्हा कुणी उच्चारायचं नाही. हाक मारणाऱ्यानं मात्र स्वतः ओ द्यायची नाही. त्यानं दिली तर सगळ्यांचीच नावं गळतात, अशी समजूत होती.

म्हातारा बंका पैलवान आपलं नाव हुकेल या धास्तीनं प्रत्येक हाकेला ‘आहे’ म्हणायचा.

“बंकाआबा, ही चिमा गाणारीण. मरून जमाना झाला तिला,” हैबती म्हणायचा.

“असू दे की. आहे म्हटल्यानं काय माझी जीभ झिजते?”

चौक हसायचा.

हैबतीची बायको झाडपाल्याचं औषध द्यायची. सारे तिला वैदीणबाई म्हणत. हैबती नुसतं ‘अगं ए’ म्हणे.

“साऱ्या शहराची नावं तोंडपाठ, आणि माझंच तेवढं जड जातं तुम्हाला,” ती म्हणायची.

“तू नामांकित हो. मग घेतो चारचौघांत.”

त्यांची मुकी लेक, ठकू, गालात हसायची.

मग एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. बापानं मुलाला टाकलं, मुलानं आईला. वैदीणबाई तेवढी दारोदार फिरत राहिली. तिनं कपाळावर हात ठेवला की मेलेला माणूस कूस बदलायचा, असं म्हणतात. बंकाआबा तेवढे तिच्या हातून निसटले, गेले. पटकी ओसरली, आणि शेवटी तीच अंथरुणाला खिळली. तिच्या कपाळावर हात ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. ती गेली.

पाटलांनी चावडीवर सांगितलं, “यंदा वैदीणबाईचं नाव घ्यायचं.” सगळ्यांनी माना हलवल्या.

जत्रेची सकाळ उजाडली. नावं झाली, ओ मिळाल्या. शेवटी हैबतीनं हलगी थांबवली आणि जन्मात पहिल्यांदा बायकोचं नाव मोठ्यानं घेतलं. पिंपळाची पानं हलायची थांबली, असं म्हणतात.

ठकूनं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज आला नाही.

हैबतीनं पाटलांकडे पाहिलं. पाटलांना तिनं चमच्यानं पाणी पाजून जगवलं होतं.

“ओ ऐकू यायला हवी, हैबती,” पाटील खाली बघत म्हणाले. “आणि आम्ही काही तिच्या रक्ताचे नाही. रीत आहे.”

त्यानं पुन्हा हाक मारली. तिनं जगवलेलं शहर समोर उभं होतं. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बंकाआबा असते तर सवयीनं का होईना, बोलले असते.

हैबतीच्या ओठांवर ओ आली होती. पण त्या एका ओमागं चिमा जाणार होती, बंकाआबा जाणार होते. त्यानं दात आवळले आणि तिसरी हाक दिली. तेव्हा हात न लावता हलगीचं कातडं उभं फाटलं, असं म्हणतात. समोरच्या डोंगरानंही त्या दिवशी आवाज परत दिला नाही.

हैबतीनं हलगी वेशीत ठेवली, ठकूचा हात धरला आणि चालू लागला. बापलेक पुन्हा कुणाला दिसले नाहीत. नाव गळलं. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांनी रीत पाळली, आणि ते त्यांच्याबरोबरच मातीत गेलं.

आता वेस नाही, नुसता चौक आहे. जत्रेच्या सकाळी अजून नावं घेतात. सगळ्यांत शेवटी हलगी थांबते, आणि हाक मारणारा काही न बोलता उभा राहतो. मग रक्ताचं नातं न बघता अख्खी हिवरपेठ एका आवाजात ‘आहे’ म्हणते.

लहान मुलं विचारतात, “कोण आहे?”

मोठी माणसं त्यांचा हात धरून घराकडे वळतात. आहे, असं सगळेच म्हणतात. कोण, ते नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.