धुक्यातली घंटा

एका कोळीवाड्यात एक घंटेवाली होती. तिचं नाव रोजीन. खाडीच्या तोंडाशी टेकाडावर छोटं चर्च होतं. त्याची घंटा आधी तिचा बाप वाजवायचा, तो गेल्यावर ती वाजवू लागली. रोजीन फार भित्री. मागून कोणी हाक मारली तरी दचकायची. कोणाला उलट उत्तर देणं तिला कधी जमलंच नव्हतं.

घंटा वाजवायच्या तिथे दोन रीती होत्या. धुकं पडलं की न थांबता वाजवायची, म्हणजे समुद्रावरच्या होड्यांना खाडीचं तोंड सापडावं. कोणी मेलं की सावकाश वाजवायची. एक ठोका, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही पूर्ण प्रार्थना, मग दुसरा ठोका, असे तीन ठोके. गावाचा आणखी एक नियम होता. समुद्रावर गेलेला माणूस तीन दिवसांत परतला नाही, तर चौथ्या सकाळी त्याच्या नावाने मेल्याची घंटा वाजवायची. ती वाजेपर्यंत गावातली एकही होडी समुद्रात जात नसे.

त्या थंडीत रोजीनचा नवरा इनास एकटाच होडी घेऊन गेला आणि परतला नाही. तीन दिवस गावाच्या होड्या रेतीवर बसून राहिल्या. चौथ्या सकाळी असं दाट धुकं पडलं की चर्चच्या पायरीवरून खालची वाट दिसेना. रोजीन उजाडल्यापासून धुक्याची घंटा वाजवत होती.

गावाचा पाटील कैतान माणसं घेऊन वर आला. तो वाईट नव्हता. टोपी काढून हातात धरत तो म्हणाला, "पोरी, पुरे आता. आज चौथा दिवस."

"धुकं आहे, पाटील."

"सगळ्या होड्या रेतीवर आहेत. ही घंटा कोणासाठी?"

"एक नाहीये रेतीवर," रोजीन म्हणाली.

माणसांनी माना खाली घातल्या. तेरेजमावशी पुटपुटली, "हिच्यासाठी गावाने आणखी किती दिवस कालवणात नुसतं पाणी ढवळायचं?"

पाटलाने रोजीनच्या हातून दोरी काढून घेतली. घंटा थांबली. एकदम सगळं शांत झालं. पाटलाने एक ठोका दिला. लोकांनी गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली.

रोजीनही गुडघ्यावर बसली. सगळे बसले की तीही बसायची, आयुष्यभर तसंच केलं होतं तिने. पण तिच्या ओठांतून शब्द निघेना. ही प्रार्थना संपली की दुसरा ठोका, मग तिसरा, आणि मग इनास मेलेला. तिला वाटलं, असेलही मेला. मला काय ठाऊक? मग तिच्या मनात आलं, यांना तरी काय ठाऊक? ज्याला ठाऊक आहे त्याने अजून काही सांगितलेलं नाही.

ती उठली. तिने दोरीला हात घातला.

"पाटील, दोरी द्या."

"रोजीन, देवावर भरवसा ठेव. त्याची इच्छा मान," पाटील म्हणाला.

"त्याची इच्छा मला अजून कळलेली नाही. कळली की मान खाली घालीन. आत्ता धुकं आहे, आणि धुक्यात थांबायचं नाही असं माझ्या बापाने मला शिकवलंय."

"घाबरट पोरीला आज वाचा फुटली," कोणीतरी मागून म्हणालं. रोजीन दचकली. पण तिने दोरीवरचा हात काढला नाही.

पाटलाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरी सोडली. "दुपारपर्यंत. भरती उतरली की मी वाजवीन."

रोजीन पुन्हा घंटा वाजवू लागली. तळहातांना फोड आले, मग ते फुटले. तिने पदर दोरीला गुंडाळला आणि ओढत राहिली. मध्येच तिला वाटे, आपण वेड्यासारखं करतोय. मध्येच वाटे, लोक हसत असतील. मग ती मनात म्हणे, "प्रभू, तो तुझ्या हातात आहे. माझ्या हातात ही दोरीच आहे तेवढी." असं किती वेळा म्हणाली, कोण जाणे.

भरती उतरायच्या बेताला खालून आरडाओरडा झाला. खाडीत होडी शिरली होती. होडी रेतीला लागली असं तेरेजमावशीने वर येऊन सांगेपर्यंत रोजीनने दोरी सोडली नाही. मग ती धावत खाली गेली.

होडीत पाटलाचाच मुलगा होता, बस्त्याव. ओला, पांढराफटक, दातावर दात आपटत असलेला.

"तू?" पाटील म्हणाला. "तू तर घरी झोपला होतास."

"पहाटे धुकं नव्हतं, बाबा. इनासला एकदा शोधून यावं म्हटलं. तुम्ही जाऊ दिलं नसतं, म्हणून बोललो नाही." तो धापा टाकत होता. "मग धुकं उतरलं. हात पुढे केला तर दिसेना. घंटेच्या आवाजावर वल्हवत होतो. मध्ये एकदा घंटा थांबली. एकच ठोका आला आणि पुढे काही नाही. कुठे वळावं कळेना. होडी खडकाला घासली. आणखी थोडा वेळ तसंच राहिलं असतं तर संपलोच होतो. मग घंटा पुन्हा सुरू झाली."

पाटील तिथेच रेतीवर बसला. मघाशी दोरी धरलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

रोजीनने होडीत नीट पाहिलं. बस्त्यावशिवाय त्यात कोणी नव्हतं.

"वहिनी," बस्त्याव म्हणाला, "इनास नाही सापडला."

रोजीनने डोळे पुसले. समुद्राकडे पाहिलं. धुकं अजून तसंच होतं. ती वळली आणि टेकाड चढू लागली.

मागून पाटील धापा टाकत आला. तिचे रक्ताळलेले हात बघून म्हणाला, "राहू दे, मी वाजवतो."

"थांबायचं नाही हं, पाटील."

"नाही थांबत, पोरी."

इनासची होडी त्यानंतर तीन दिवसांनी आली, आणि तिच्यात जिवंत इनास होता. वाऱ्याने तिला दूरच्या बंदराला नेऊन टाकलं होतं. पण त्या दुपारी हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही घंटा वाजत होती.

तात्पर्य: उत्तर मिळण्याआधीही जो देवाचा हात सोडत नाही, त्याचाच विश्वास खरा, आणि अशा विश्वासाच्या आधाराने त्याला ठाऊकही नसलेली माणसं किनाऱ्याला लागतात.