सुनेत्राने ठरवलेले पाणथळीचे मोल

पूर्वी उत्पलनगरीत अश्वकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुनेत्र या नावाने त्याच्या पदरी होता. हत्ती, रत्ने, जमिनी यांचे मोल ठरवणे हे त्याचे काम.

नगराच्या पूर्वेस मोठी पाणथळ होती. राजाचा मेहुणा दंडक याला ती उसाच्या मळ्यासाठी हवी होती. राजाने सुनेत्राला तिचे मोल ठरवायला पाठवले.

सुनेत्र तेथे पोचला तेव्हा लव्हाळे पिवळे पडले होते, चिखलाला भेगा गेल्या होत्या. कोळ्यांची म्होरकी नालका खेकडे शोधत होती. ती म्हणाली, "तीन वर्षांमागे दंडकाच्या माणसांनी चर खणून पाणी नदीत सोडलं. मासळी गेली, सारस गेले. खालच्या आळीच्या विहिरी आटल्या. आता हिच्याकडे बघून तुम्ही काय ठरवणार?"

सुनेत्राने चर पाहिले, आटलेल्या विहिरींत डोकावून पाहिले. जड मनाने तो परत निघाला. वाटेत दंडकाने त्याला गाठले.

"आज जे दिसलं तेवढंच सांगा. एक गाव तुमच्या नावे करतो."

सुनेत्र त्याला वळसा घालून पुढे गेला. दरबारात तो म्हणाला, "महाराज, आज या पाणथळीचे मोल एका बैलजोडीइतके. पण ती आजारी पाडलेली आहे. चर बुजवले तर ती विहिरींना पाणी देईल, मासळी देईल, छपरांना लव्हाळे देईल, नदीचा पूर अंगावर घेईल. ते मोल आपल्या खजिन्याहून मोठे आहे."

"मी तुला आजचे मोल विचारले होते," राजा म्हणाला. त्याने एका बैलजोडीच्या मोलाने पाणथळ दंडकाला दिली आणि सुनेत्राला कामावरून काढले. सुनेत्र कोळ्यांत जाऊन राहिला.

दंडकाने मळ्याभोवती उंच बांध घातले. पाचव्या वर्षी नदीला पूर आला. पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. ते सरळ नगरात शिरले. खालची आळी वाहून गेली. तिसऱ्या दिवशी सुनेत्राला नालकाचे प्रेत मळ्याच्या बांधाला अडकलेले सापडले.

राजा अनवाणी त्याच्याकडे आला. "आता चर बुजवले तर?"

"बुजवू या, महाराज. पण पूर्वीची पाणथळ आपल्याला दिसायची नाही."

चर बुजवले, बांध फोडले. काही वर्षांनी लव्हाळे उगवले, थोडी मासळी आली. सारस मात्र राजाच्या हयातीत परतले नाहीत.

पूर्वजन्माची ही गोष्ट विहारातल्या भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "विहाराचे तळे बुजवायला परवा होकार देणारा हा भिक्षू त्या जन्मी अश्वकेतू होता. त्याला तसे सुचवणारा त्याचा सोबती दंडक होता. दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका नालका होती, आणि सुनेत्र मी होतो. माझ्या बोलण्याने नालका वाचली नाही. तरीही ते बोलायचेच होते. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."