आयानबायचा बांध

खारकुंभ्याच्या खाडीवर हा जो मातीचा बांध दिसतो ना, त्याच्यावर उभं राहून दोन्ही अंगांना बघा. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला पोटऱ्यात आलेलं भात. मधे आहे तो नुसता चिखल. दगड नाही, चुना नाही. भादव्याच्या अमावास्येला, भर दुपारच्या भरतीच्या आधी, सिद्द्यांच्या वाडीतली एक बाई त्याच शेतातला ओला चिखल डोक्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते. काखेत ढोल असतो, मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद. पुढं देव नाही, पालखी नाही, गुलाल नाही. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, बोलायचं ते ढोलानं. याला मातीचा फेरा म्हणतात. पाहुणे विचारतात, हे काय नवल? नवल नव्हे बाबांनो, हट्ट आहे. तो कुणाचा, ते जुनी माणसं अशी सांगतात.

फार मागं, फिरंग्यांची गलबतं या किनाऱ्याला फिरायची त्या काळात, एक गलबत खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. त्याच्या पोटात माणसं भरलेली होती, गुरं भरावी तशी. फिरंगी होड्या घेऊन निघून गेले आणि ही माणसं ओहोटीला चिखलातून चालत काठाला लागली, म्हणे. त्यांच्यात एक बाई होती. उंच, मानेनं ताठ, दोन्ही गालांवर उभ्या कापलेल्या खुणा. तिचं नाव आयांके. इथल्या जिभेला ते वळेना, म्हणून ती झाली आयानबाय.

तिचा मुलूख योरुबा लोकांचा, आफ्रिकेच्या पार मावळतीच्या अंगाला. तिचं घराणं ढोलवाल्यांचं. त्या मुलखात ढोल नुसता वाजत नाही, बोलतो. त्यांची बोलीच चढ-उताराची आहे, आणि काखेतल्या ढोलाच्या दोऱ्या दाबल्या की तोच चढ-उतार निघतो. कुणाचा बाप कोण, आजा कोण, कुणी कुठलं रान तोडून गाव वसवलं, हे सगळं तिथं ढोल सांगतो. बायका तिथं वाजवत नसत. इथं दुसरं कोणी नव्हतंच. मग तिनं भेंडीच्या झाडाचं लाकूड कोरलं, बकऱ्याचं कातडं ताणलं आणि बापाकडून कानावर पडलेलं आपलं कूळ रोज एकदा वाजवायला लागली. नाव बदललं, गाव गेलं, भाषा बोलायला माणूस उरला नाही. एवढंच तिच्याजवळ राहिलं होतं.

वाडीत तिच्या मुलखाचं कोणीच नव्हतं. काही हबसाणातले, म्हणजे हबशांच्या मुलखातले, ते आधीपासून राहिलेले. काही झांजिबारच्या किनाऱ्याचे, तिच्याच गलबतातून आलेले. आपसांत पटत नसे. हबसाणातला म्हातारा मर्जान तर उघडच म्हणायचा, "आम्ही इथं आलो तेव्हा तुमचं गलबत समुद्रात पण नव्हतं. वाडी आमची, तुम्ही पाहुणे."

आयानबाय म्हणायची, "चाचा, तुम्ही तरी काय घोड्यावर बसून आलात? आपण सगळे बेडीतून आलो. त्यात आधी आणि नंतर काय?"

"बेडीत पण मान असतो गो!" म्हातारा म्हणायचा, आणि सगळी हसायची. पण जेवायला हबसाणातले वेगळे बसत आणि झांजिबारवाले वेगळे, हे काही हसण्यावारी जात नव्हतं.

जमीन त्यांना कोण देणार? म्हणून जी कुणालाच नको होती ती त्यांनी धरली. भरतीला बुडणारी, तिवरांची, खेकड्यांची. गुडघाभर चिखलात उभं राहून चिखल कापायचा, पाटीतून वाहायचा, पेंढा घालून थापायचा, आणि पुढच्या उधाणानं बांधाला खांड पाडली, भगदाड पाडलं, की परत पहिल्यापासून. एका उधाणात बांध फुटला तेव्हा मर्जानचा लेक खांडीत उतरला, आणि त्याला धरायला आयानबायचा नवरा याकूत उतरला. दोघंही वर आले नाहीत. अंगावर बांध बसला. तिथंच बुजवावं लागलं, कारण पाणी थांबत नव्हतं. असे आणखीही गेले. पोरं गेली, बायका गेल्या, कुणी पाण्यात, कुणी तापानं. कबरस्तानाला जागा नव्हती, म्हणून सगळे बांधातच घातले.

शेवटी बांध धरला. पावसानं मीठ धुतलं, आणि एका सालाला तिथं भात उभं राहिलं. ते भात वाऱ्यानं हललं आणि वरच्या गावच्या विसाजी खोताला दिसलं.

खोत म्हणाला, बांध माझ्या आज्यानं घातला. देवीनं स्वप्नात येऊन जागा दाखवली. हे सिद्दी म्हणजे मजुरीला आणलेली माणसं. वर्ष सरायच्या आत ही गोष्ट वरच्या गावात पोरांच्या तोंडी झाली, म्हणे. खोटं फार बोललं गेलं की त्याला जुनेपणा येतो, ही त्यातली गंमत.

तंटा गोतापुढं गेला. गोत म्हणजे आसपासच्या गावांच्या पाटील-म्हाताऱ्यांची बैठक. धाकू पाटील त्यांचा मुख्य. ठरलं की दिव्य करायचं. शेताचा चिखल डोक्यावर घेऊन वाडीच्या एका माणसानं अख्खा बांध चालायचा आणि चालताना आपले पूर्वज सांगायचे. मग अमावास्येच्या उधाणापर्यंत वाट बघायची. बांध राहिला तर जमीन वाडीची, फुटला तर खोताची.

वाडीचं तोंड उतरलं. चालायला कोण भितो? पण पूर्वज सांगायचे कुठून? पाच-सहा वर्षांची असताना उचललेली माणसं ती. बापाचं नाव आठवत नाही, गावाचं आठवत नाही.  कूळ येत होतं ते एकट्या आयानबायला.

हे खोतालाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बांधावर आला. ती खेकड्यांची बिळं बुजवत होती.

"आयानबाय, तू चांगल्या घरची दिसतेस. गालावर खुणा आहेत, ढोलात कूळ आहे. या बाकीच्यांचं काय? कुठले कुठले गोळा झालेले. तू चाल. तुझं कूळ मी गोतापुढं मान्य करतो. उघाडीजवळचा, पाणी सोडायच्या दाराजवळचा तुकडा तुझा, तुझ्या लेकीचा. कुणी हात लावणार नाही."

"आणि बाकीची जमीन?"

"बाकीच्यांना पूर्वजच नाहीत. त्यांना जमीन कशाला?"

आयानबायनं हातातला चिखल बिळात दाबला. मग म्हणाली, "खोत, तुम्ही उभे आहात ना, त्याच्या खाली माझा नवरा आहे. जरा बाजूला व्हा."

खोत झटक्यानं बाजूला झाला. "तिथं नको," ती म्हणाली, "तिथं मर्जानचाचाचा लेक आहे." खोत आणखी सरकला. "तिथं पण नको." असं करत करत तिनं त्याला बांधाखाली उतरवला, म्हणे, थेट खाडीच्या गाळात. वाडीतल्या बायका ही गोष्ट सांगताना अजून पोट धरून हसतात.

पण खोत गेल्यावर तिला हसू आलं नाही. तुकडा थोडका नव्हता. लेक लहान होती. आणि कूळ काही खोटं नव्हतं, तिचंच होतं. दुपारभर ती तिथंच बसून राहिली. मग उठली ती सरळ मर्जानच्या दारात.

"चाचा, तुमच्या लेकाचं नाव काय होतं?"

म्हातारा उखडला. "तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय. कसा होता, कसा चालायचा, हाक कशी मारायचा, सगळं सांगा. ते मी ढोलात घालते."

"त्याचं कूळ मला येत नाही, बाय."

"मला पण नको. त्याचं कूळ बांधापासून सांगू."

अशी ती दारोदार फिरली. हबसाणातल्यांच्या दारी गेली, झांजिबारवाल्यांच्या दारी गेली. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचं नावही न ठेवलेलं बाळ. ज्याचा जो बांधात, त्याचा एक बोल तिनं बांधला आणि घरच्यांना ऐकवला. आपल्या माणसाचा बोल घरच्यांनी कान देऊन धरून ठेवला. वाडीत त्या दिवसांत स्वयंपाक होत होता की नाही कोण जाणे, रडणं मात्र चुलीचुलीला होतं.

दिव्याचा दिवस आला. गोत एका टोकाला बसलं. आयानबायच्या डोक्यावर चिखलाचा गोळा ठेवला. तो उन्हात विरघळून गालावरून, त्या खुणांवरून ओघळायला लागला. तिनं ढोल काखेत घेतला आणि चालायला लागली.

पहिला बोल निघाला तो मर्जानच्या लेकाचा. म्हातारा काठी टेकत बांधावर चढला आणि जिथं लेक होता तिथं उभा राहिला. दुसरा बोल निघाला, दुसरं घर चढलं. बोलाबोलाला एकेक घर आपापल्या माणसावर येऊन उभं राहत गेलं. हबसाणातल्या माणसाच्या शेजारी झांजिबारची बाई, तिच्या शेजारी आणखी कुणी. कोण आधी आलं हे विचारायला त्या दिवशी जागाच उरली नाही, इतकी दाटी झाली.

"हे काय चाललंय?" खोत ओरडला. "पूर्वज सांगायचे ठरलंय. ढोल बडवून कूळ होतं का?"

आयानबाय थांबली नाही. मागं वळून बघितलंही नाही. धाकू पाटील एवढंच म्हणाला, "खोत, आम्ही पूर्वज विचारले होते. ती दाखवतेय. चालू दे."

बांध संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत चिखल गेला होता आणि तिला काही दिसत नव्हतं. स्वतःच्या घराण्याचा एकही बोल तिनं वाजवला नव्हता.

मग उरलं उधाण. भादव्याची अमावास्या, वारा पश्चिमेचा, आणि खाडी अशी फुगली की पाणी बांधाच्या माथ्याला जीभ लावू लागलं. वरच्या गावचे लोक टेकाडावर येऊन बसले. खोतासाठी घोंगडी अंथरली होती. सुपारी कातरत तो वाट बघत होता. एका जागी माती खचली. "गेला! गेला!" असा टेकाडावर आनंदाचा गलका झाला.

वाडी मात्र बसली नव्हती. मर्जानसकट सगळी कंबरभर पाण्यात होती. ओळ लागली होती, पाटीमागून पाटी जात होती. आयानबायनं ढोल लेकीच्या गळ्यात अडकवला आणि स्वतः खांडीच्या तोंडात आडवी उभी राहिली. तिच्या पाठीला टेकवून चिखल थापला, म्हणे. भरती उतरायला लागेपर्यंत ती हलली नाही.

पाणी ओसरल्यावर खोत खाली आला. "हे दिव्य नव्हे! दिव्यात हात लावायचा नसतो. देवाला फोडायचा होता, यांनी फोडू दिला नाही!"

 धाकू पाटलानं विचारलं, "खोत, माती खचली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"टेकाडावर. सगळ्या गावानं बघितलंय."

"मी पण बघितलं. हातात काय होतं?"

"अडकित्ता. का?"

"आत भात उभं आहे. खारं पाणी शिरलं असतं तर पीक मेलं असतं, जमीन पुढची तीन सालं मेली असती. जमीन तुमची असती, तुमच्या आज्याची असती, तर तुमच्या हातात अडकित्ता राहिला नसता. पाटी आली असती. ज्यांचं होतं ते पाण्यात होते."

गोत उठलं. निवाडा तिथंच झाला.

पुढं कुणी म्हणालं देवीनं बांध राखला, कुणी म्हणालं पिरानं राखला. आयानबायला विचारलं तर म्हणायची, "राखला असेल. आम्ही खाली बघत होतो, वर बघायला सवड नव्हती."

तिची लेक मोठी झाली, ढोल शिकली. एकदा तिनं विचारलं, "आये, आपल्या घराण्याचे बोल कधी शिकवणार?" आयानबाय म्हणाली, "ते त्या दिवशी वाजवले असते तर जमीन आपल्या एकट्या घराची झाली असती. नाही वाजवले. आता ते बांधात गेले." आणि खरंच, मरेपर्यंत तिनं ते परत वाजवले नाहीत. योरुबा मुलखातल्या त्या ढोलवाल्यांचं घराणं कुठलं, त्यांनी कुठलं रान तोडलं, कुठलं गाव वसवलं, ते इथं कुणालाच माहीत नाही.

आजही फेऱ्याला पहिला बोल मर्जानच्या लेकाचा वाजतो. आजही आयानबायच्या वंशातली घरं वेगळी ओळखू येत नाहीत, कारण वाडीतलं प्रत्येक घर स्वतःला तिच्याच वंशातलं म्हणवतं. आणि आजही वरून माणसं येतात. बूट घातलेली, जमीन मोजायची यंत्रं घेतलेली. तिवरांकडं बोट दाखवून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? तुम्ही तर बाहेरून आलेले. ही जमीन तुमची कशावरून? वाडीतल्या बायका त्यांना पाणी देतात, बसायला देतात, आणि सांगतात:

"भादव्याच्या अमावास्येला या, दुपारच्या भरतीला. येताना पाटी घेऊन या."

अजून त्यांच्यातला कुणी आलेला नाही.