झुंबरबाईचा आवाज माठावर जाऊन बसला

तर एक होती दवंडीवाली. राजापण होता, पण तो नंतर. आधी दवंडीवाली, कारण गोष्ट तिची आहे. निहार, पाय पांघरुणात घे.

तिचं नाव झुंबरबाई. ती चौकात जायची, हलगीवर तीन थापा द्यायची आणि थांबायची. मग सगळं गाव जवळ यायचं आणि मग ती बोलायची. गावाचा नियमच होता, बरं का. हलगी वाजली की दवंडी पुरी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. राजानंसुद्धा नाही. आणि दवंडीत जे आलं, तो हुकूम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता राजा. त्याला हुकूम काढायची जाम हौस. शिंक आली, द्या दवंडी. आमटी आवडली, द्या दवंडी. मग त्याला वाटलं, हे थांबणंबिंबणं कशाला? त्यानं हलगी ठेवायला लावली खुंटीवर आणि झुंबरबाईच्या मागे लावले बारा ढोल. ढोल वाजतच राहायचे आणि हिनं त्यांच्यावरून ओरडायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाणी प्यायलाही उसंत नाही.

पहिल्या दिवशी तिचा घसा खरखरला. दुसऱ्या दिवशी आवाज दारासारखा करकरला. तिसऱ्या दिवशी ती नुसतीच कुजबुजायला लागली. आणि चौथ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर काय? फक्त हवा.

बघते तर आवाज बाहेर येऊन माठाच्या काठावर बसलेला. अंगठ्याएवढा, लालभडक, डोळे सुजलेले, पाय पाण्यात सोडलेले.

"मी येत नाही जा," तो म्हणाला. "ढोलांवरून ओरडलीस, मी सोसलं. पाण्याचा घोट दिला नाहीस, तेही सोसलं. वर कुजबुज? कुजबुजताना मला किती ताण पडतो माहितेय? आता तीन दिवस एक शब्द नाही. घोट घोट पाणी पी आणि गप्प बस. बोललीस, तर मी चाललो कायमचा."

झुंबरबाईनं मान हलवली आणि उंबऱ्यावर तांब्या घेऊन बसली.

पहिल्या दिवशी आला शिपाई. म्हणाला, ऊठ, राजाला जांभई आलीय, गावाला कळायला हवं. झुंबरबाई एक घोट पाणी प्यायली. शिपायानं भाला आपटला. ती अजून एक घोट प्यायली. गेला बिचारा.

दुसऱ्या दिवशी आले प्रधानजी. फार गोड माणूस. म्हणाले, झुंबरबाई, मोठ्यानं नको, माझ्या कानात हळूच 'हो' म्हणा, की हा पैठणीचा जोड तुमचा. पैठणी होती मोरपंखी. तिला आवडलीही, खोटं कशाला सांगू. पण तिनं प्रधानजींना तांब्यातलं पाणी दिलं आणि वाट दाखवली.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी खुद्द राजा आला. मागे बारा ढोल, भोवती गाव. रागानं त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"एकच शब्द बोल, 'चुकले'," राजा म्हणाला. "नाहीतर हलगी ठेव आणि वेशीबाहेर चालती हो."

झुंबरबाई उठली. तिनं खुंटीवरची हलगी काढली. सगळ्यांना वाटलं, देऊन टाकते आता. पण तिनं काय केलं? तीन थापा दिल्या. आणि थांबली.

गाव जवळ सरकलं, राजा राहिला मागे. गाव गप्प. ढोलवाले गप्प. राजानं तोंड उघडलं, पण सगळं गाव त्याच्याकडे असं बघायला लागलं, की त्यानं ते मिटलं. दवंडी पुरी कुठे झाली होती? अजून सुरूच नव्हती झाली.

झुंबरबाई परत उंबऱ्यावर बसली. घोट घोट पाणी पीत.

दुपार झाली. राजाच्या पोटात हुकूम साठायला लागले. एक, दोन, पंधरा. गाल फुगले, कान लाल झाले. पाणी प्यायला तो, तेही आवाज न करता. गावाला मात्र कितीतरी दिवसांनी चिमण्या ऐकू आल्या.

उन्हं कलली. तीन दिवस भरले. मग आवाज माठावरून टुणकन उतरला आणि पाण्याच्या घोटाबरोबर आत गेला. झुंबरबाई उभी राहिली आणि शांतपणे, आपण आत्ता बोलतोय ना, तशी बोलली.

"ऐका हो ऐका. आजपासून दवंडी दिवसातून तीनदाच. ढोल बंद. दोन दवंड्यांमध्ये दवंडीवाली पाणी पिणार. उन्हं कलली की ती कुणाशी बोलणार नाही."

झालं, दवंडीत आलं, म्हणजे हुकूम.

गर्दीच्या मागून राजा म्हणाला, "नीट ऐकू नाही आलं, जरा मोठ्यानं."

"महाराज," झुंबरबाई म्हणाली, "जवळ या."

आणि राजा आला. चक्क चालत, गर्दीतून वाट काढत आला.

मग ती सुखात राहिली, गाव सुखात राहिलं. राजापण राहिला, शिंका स्वतःपाशी ठेवून. आणि आता तुमच्या घशातल्या त्या लाल बुटक्यांना झोपू द्या. माझा तर कधीचा डोळे चोळतोय. एक एक घोट पाणी प्या, आणि गप्प. ए, कुजबुजपण नाही.