खिंडीतली रिकामी गाठ

कुंभेमाचीच्या मारुतीच्या ओट्यावर खुंटीला जो जाडजूड दोर लटकलेला दिसतो ना, त्याला खुशाल हात लावा, फोटो काढा, गळ्यात घालून नाचा. फक्त त्याच्या शेवटच्या गाठीला बोट लावू नका. लावलंत तर काही होत नाही. बोट ओलं होतं, एवढंच. पण वैशाखात, विहिरीचा तळ दिसत असताना बोट ओलं झालं की माणूस उगाच विचार करत बसतो.

तशी कुंभेमाची म्हणजे काय मोठं शहर नाही. एक एसटीचा थांबा, चार खानावळी, छत्र्या-रेनकोटाचं एक दुकान आणि पाण्याच्या टाकीजवळचा तो दगड, ज्यावर एका पायावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. (दोन्ही पाय टेकले की जाते, असं इथली माणसं पाहुण्यांना सांगतात. खरंखोटं करायला पाहुणे बगळ्यासारखे उभे राहतात आणि गाव चहा पीत बघत बसतं.) डोंगरधारेवरून पंधरा-वीस दिवस चालत जाणारी ती लांब वाट गावाच्या डोक्यावरून जाते. त्यामुळे पाठीवर अख्खा संसार, दोन्ही हातांत काठ्या आणि पायांत घराच्या हप्त्याएवढे महाग बूट अशी मंडळी मोजे वाळवायला आणि पिठलं-भाकरी खायला इथं उतरतात. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडायची असते. तेव्हा वाटाड्या तो दोर खुंटीवरून काढतो, पुढचं टोक आपल्या कमरेला बांधतो आणि एकेकाला एकेक गाठ धरायला देतो. शेवटची गाठ मात्र कुणाला देत नाही.

पाहुणा विचारतो, का? त्याचं असं सांगतात.

फार पूर्वी, गाडीरस्ता नव्हता तेव्हा, या घाटाचा वाटाड्या होता हैबती. पावसाळ्यात खिंडीत भरदुपारी असं धुकं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही, आणि वारा असा की शेजारच्याची हाक त्याच्या तोंडातच राहते. म्हणून हा दोर. पुढं हैबती, मधे वाटसरू आणि शेपटाला हैबतीची बायको कोंडाई. हैबतीनं तीन हिसके दिले की विचारणं, सगळे आहेत का? कोंडाईनं मागून तीन हिसके दिले की आहेत. आणि कुठूनही एक लांब ओढ आली की धोका. जो जिथं असेल त्यानं तिथंच खाली बसायचं. बाकी बोलणंचालणं नाही.

आता हा हैबती म्हणजे भारी खोडकर माणूस. दौलतराव पाटलांना त्यानं एकदा धुक्यात एकाच करवंदीच्या जाळीला तीन वेढे घालायला लावले होते आणि दर वेढ्याला, "आता आलंच कोकण, पाटील," म्हणत होता. पण त्याची आवडती खोडी वेगळी. वाटेत गुडघाभर चिखलाची जागा आली की कारण नसताना लांब ओढ द्यायची. मागचे सगळे फतकन चिखलात बसायचे. मग हा पुढं उभा राहून पोट धरून हसायचा. वाटसरू शिव्या द्यायचे, नंतर तेही हसायचे. फक्त कोंडाई हसायची नाही.

एकदा नागपंचमीच्या आसपास तिनं नवं लुगडं नेसलं होतं, आणि यानं नेमकं तेव्हाच बसवलं. घरी येऊन ती लुगडं पिळत म्हणाली, "दोराशी थट्टा करू नका, धनी. एक दिवस खरी ओढ यील आन् कुणी बसायचं नाही."

"तू तरी बसशील की," हैबती म्हणाला.

"मी? मी तुमालाच बसवीन. चार माणसांत, चिखलात. देवाशप्पथ बसवीन."

"बघू की," तो म्हणाला, आणि त्याला फार गंमत वाटली.

दोनच दिवसांनी सात जण खाली उतरायला निघाले. सहा गडी, आणि माहेरपण उरकून सासरी परतणारी ताना नावाची पोरगी. ती शेवटून दुसऱ्या गाठीला, कोंडाईच्या पुढं. सकाळची वेळ, पण खिंडीत शिरले तसं धुकं असं दाटलं की हैबतीला आपल्या कमरेमागचा दोर दिसेना. कड्याच्या बाजूची अरुंद वाट लागली. त्यानं तीन हिसके दिले. मागून तीन आले. ठीक.

थोडं पुढं गेला आणि मागून एक लांब ओढ आली.

हैबतीच्या पायाखाली तेव्हा चांगला लालभडक चिखल होता. तो जागीच हसला. मनाशी म्हणाला, आली, फेड करायला आली. आणि बसायचं सोडून त्यानं पावलं भराभर उचलली. पुन्हा ओढ आली, पहिलीपेक्षा लांब. "नाही बसत जा!" असं तो ओरडला म्हणे, आणि दोर खेचत पुढं गेला. मधले गडीही बसले नाहीत, त्याच्यामागं चालतच राहिले. हैबतीच्या खोड्यांना तेही सरावलेले.

मग ओढ थांबली. त्यानं तीन हिसके दिले. मागून तीन आले. अगदी बेताचे, कोंडाईचा हात होता तसेच.

पलीकडच्या सपाटीवर, आंब्याखाली तो थांबला आणि माणसं एकेक करून धुक्यातून बाहेर आली. सहावा गडी आला. ताना आली, गुडघे फुटलेली, पांढरीफटक. तिच्या मागं दोर ताठ होता. कुणीतरी धरून उभं असावं तसा ताठ, धुक्यात शिरलेला.

"ये की गं," हैबती म्हणाला. "हरलो म्हण हवं तर."

कुणी आलं नाही. त्यानं दोर ओढला. तो सरसर आला आणि शेवटची गाठ त्याच्या पायाशी येऊन पडली. रिकामी. ओलीचिंब. पिळात हिरव्या बांगडीचा एक तुकडा रुतलेला.

मग ताना बोलली. पाय घसरून ती कड्यावरून खाली लोंबकळली होती. मावशीनं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं गाठ धरून लांब ओढ दिली, दोनदा दिली. दोर थांबेना. मावशीला खेचत चालला. दोन्ही हातांतलं एक सोडणं भाग होतं. तिनं गाठ सोडली, दोन्ही हातांनी तानाला वर लोटलं. "मी धावत जाऊन माझी गाठ धरली. मला वाटलं, मावशी मागनं आली," ताना म्हणाली. "गाठ कुणीतरी धरली होती की. मला कळत होतं."

हैबतीनं आठ दिवस दरी धुंडाळली. काही सापडलं नाही. दोर त्यानं खुंटीला लावला आणि आढ्याकडं बघत बसला. पण वाटसरू काय थांबतात? लोक आले, याला उठावं लागलं. शेपटाला कुणाला घ्यायचं मन होईना, म्हणून ती गाठ तशीच मागं घासत ठेवली. खिंडीत पोहोचल्यावर हाताच्या सवयीनं त्यानं तीन हिसके दिले.

मागून तीन आले.

त्यानं गावात सांगितलं. कुणाला? ज्या गावाला त्यानं तीस वर्षं बनवलं होतं त्या गावाला. बायका तोंड फिरवून निघून गेल्या. दौलतराव पाटील चारचौघांत म्हणाले, "हैबती, निदान मेलेल्या बायकोची तरी थट्टा करू नकोस रे." आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, आणि ते पटवून द्यायला त्याच्याकडं दुसरं तोंड नव्हतं. घरी येऊन त्यानं मारुतीला शब्द दिला म्हणे, की आता मागून ओढ आली तर, खाली आग असली तरी मी बसेन.

पाऊस सरता सरता पाटलांनाच पुतणीची सोयरीक बघायला खाली जायचं होतं. बरोबर पाच माणसं, अंगावर नवी धोतरं, पाटलांच्या डोक्यावर कडक पटका. दुसरा वाटाड्या नव्हता म्हणून हैबती. खिंडीत धुकं, वारा, आणि तोच लाल चिखल.

लांब ओढ आली.

हैबती बसला. कमरेपर्यंत रुतला. दोर त्याच्याच कमरेला, त्यामुळं कुणाला पुढं जाता येईना. पाटील त्याला येऊन धडकले. "ऊठ!" म्हणाले. "मागं कुणी नाही, मला ठाऊक आहे, कुणी नाही! पुन्हा तुझं सुरू झालं?"

"पाटील, पाया पडतो. बसा."

"सोयरिकीला चाललोय मी! धोतर बघ माझं!"

"मला मारा वाटलं तर. पण बसून मारा."

पाटलांनी खरंच काठी उचलली. तेवढ्यात पुढं, अगदी जवळच, काहीतरी घरघरलं. मग डोंगर बोलावा तसा आवाज, आणि पायाखालची जमीन थरथरली. पाटील काठीसकट चिखलात बसले. सगळेच बसले. बऱ्याच वेळानं वाऱ्यानं धुकं फाटलं, तेव्हा हैबतीच्या पुढं दहा पावलांवर वाट नव्हती. दरडीबरोबर दरीत गेली होती.

पाटील उठले. दोर धरून धरून मागं गेले, शेवटच्या गाठीपाशी. ती जमिनीवर पडलेली नव्हती. कुणाच्या तरी हाताच्या उंचीवर होती. पाटलांनी पटका काढला आणि तिथंच खाली ठेवला.

आणि पुढं, चिखलात बसलेला हैबती हसायला लागला. गालांवरून पाणी वाहत होतं तरी हसत होता. "बसवलंस गं," म्हणत होता. "बसवलंस मला चार माणसांत."

तेव्हापासून अंबाडीचा नवा दोर वळला तरी शेवटची गाठ त्या जुन्याच दोराची असते, सांधून घेतलेली. निघताना वाटाड्या मागं वळून विचारतो, "कोंडाई, धरलीस का?" आणि मगच पाऊल टाकतो. या गावात सगळ्यांची थट्टा चालते, देवाचीसुद्धा. त्या ओढीची चालत नाही.

आजही खिंडीत लांब ओढ आली की वाटाड्या आधी बसतो, आणि मागचे ते महागाचे बूटवाले एकेक करत चिखलात बसतात. कधी पुढं दगड सुटलेला असतो, कधी पाण्यानं वाट खाल्लेली असते. आणि कधी ऊन पडलेलं, वाट कोरडी, मधेच एवढासा चिखल, आणि काहीसुद्धा होत नाही. तेव्हा पाहुणे कुरकुरतात, उठू का म्हणतात. वाटाड्या म्हणतो, बसा थोडं. मागं दोर ताठ असतो, आणि हलके हलके थरथरत असतो, कुणीतरी हसू दाबून धरल्यासारखा.