सुतकातला डोंगर

मी, अनंत झिलू नेरूरकर, वय वर्षे ब्याऐंशी. पाहुणेमंडळींनी प्रथम डोंगराची ही पश्चिमेकडील उतरण नीट पाहावी. उतारावर झाडांचे ओंडके एकाखाली एक आडवे निजवलेले आहेत आणि प्रत्येकाचा बुंधा दक्षिणेकडे आहे. ते वादळाने पडलेले नाहीत. दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या दिवसांत, गावातील प्रत्येक घर येथे एक ओंडका आणून ठेवते. यामागील हकिकत जशी माझ्या कानी आली तशी सांगतो. तिच्यात काही ठिकाणी मेळ बसत नाही. तो मी पदरचा बसवणार नाही.

फार पूर्वी या उतरणीवर रायबाय देवीची राई होती. तिच्यातील काडीही घरी न्यायची नाही, असा नेम होता. एका चैत्रात वणवा आला आणि राई उभीच्या उभी जळाली, असे सांगतात. वाड्या मात्र वाचल्या. लोकांनी देवीला नारळ दिला आणि संकट टळले असे मानले.

वैशाखात वळवाची लहानशी सर आली. तेवढ्याने ओहोळ शाईसारखा काळा होऊन खालच्या वाडीच्या अंगणांत शिरला आणि दाव्याला बांधलेले एक वासरू पोटापर्यंत चिखलात रुतले. आषाढातही जो ओहोळ पात्र सोडत नसे, तो एवढ्याशा सरीने कसा फुगला, हे कोणालाच उमगेना.

ओहोळाच्या काठी चंद्रू नावाची विधवा राहत असे. अंथरुणाला खिळलेला सासरा तिच्या पदरी होता. ती कळशी घेऊन डोंगरावर गेली आणि जळक्या मातीवर तिने पाणी ओतले. ते मुरले नाही. अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळून गेले म्हणे.

"गावकारानू, डोंगर पाणी पीत नाय," तिने गावच्या प्रमुखाला, विसू गावकारांना सांगितले. "मिरगाचो पाऊस इलो काय सगळा पाणी आमच्या वाडयेर येतला. घरा सोडूक व्हयी."

"आग इजली, आणि आता तू पाण्याक भियतंस?" गावकार हसले.

तिच्यापुढे अडचण निराळीच होती. देवीचा कौल मिळाल्यावाचून या गावात कोणी घर सोडत नसे. सासऱ्याने तर निक्षून सांगितले, "देवीन सांगल्याशिवाय मी हलूचंय नाय."

तेव्हा कौल लावण्यात आला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर घरे सोडावीत, डावी पडली तर राहावे. दोन्ही एकदमच पडल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस एकही पडेना.

"अरे, होय काय नाय, ता सांग!" गावकार ओरडले.

"माका कित्याक ओरडतास?" गुरव रडकुंडीला आला. "बाय बोलली तर मी सांगतलंय ना!"

गाव गोंधळून गेला. कोणी बोचकी बांधली आणि सोडली. एका घराने भांडीकुंडी पलीकडच्या टेंबावर, म्हणजे उंच टेकाडावर, नेली व दिवस मावळण्यापूर्वी परत आणली. आगीनंतर पाण्याला भ्यावे, की पाणी मागावे, हेच लोकांना कळेना.

अखेर चंद्रू देवळाच्या पायरीवरूनच म्हणाली, "देवीच्या घरात मर्तिक झाला. पोरांसारखी झाडा गेली. सुतकातल्या बायकेक कोणी असला इचारता काय? तिका काय सुचतला?"

मग एक म्हातारा म्हणाला, "म्हणान डोंगर पाणी घेणा नाय. आणि मेलेली झाडा अजून उभीच?"

मेलेल्याला उभे ठेवत नाहीत आणि त्याला निजवून निरोप दिल्यावाचून घरचे पाणी घेत नाहीत, एवढे साऱ्यांना ठाऊक होते. राईचे लाकूड घरी न्यायची बंदी होती, निजवण्याची नव्हती. लोकांनी कुऱ्हाडी घेतल्या आणि मृताचे पाय दक्षिणेला करतात त्याप्रमाणे प्रत्येक खोडाचा बुंधा दक्षिणेला करून ते निजवले. उतरण पश्चिमेची असल्याने सारी खोडे पाण्याच्या वाटेत आडवी पडली. पाण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात होता की नव्हता, हे मला सांगता येत नाही. गावकारांनी मात्र स्वतःच्या घराच्या वरच्या बाजूच्या झाडांना कुऱ्हाड लागू दिली नाही. राईवर घाव घालणे त्यांना पाप वाटले.

देवीला विचारायचेच नाही हे ऐकून सासरा म्हणाला, "मगे माका तरी कित्याक इचारतास? उचला!" त्याला बाजेसकट टेंबावर नेले. त्याच्यामागून खालची वाडी गेली.

मृगाचा पाऊस कोसळला. ओंडक्यांमागे राख आणि माती पायऱ्यांसारखी साचत गेली. तरीही ओहोळाने चंद्रूचे घर नेले. त्या वाडीतला माणूस मात्र एकही गेला नाही. गावकारांच्या घराच्या बाजूला, जिथे जळकी झाडे उभीच होती, तिथे उतरण खाली आली आणि त्यांचे घर आढ्यापर्यंत गाडले गेले. ते स्वतः आत होते की आपले वासरू घेऊन शेवटी टेंबावर चढले, याविषयी दोन मते आहेत. पुढल्या आगोटीला पहिला ओंडका त्यांच्या घरचा होता. तो त्यांनी ठेवला की त्यांच्या मुलाने, हेही मी दोन्ही प्रकारे ऐकले आहे.

आजही त्या साचलेल्या मातीत उगवलेली झाडे तुम्हाला ओळींनी उभी दिसतील. त्या सालापासून आमच्या गावात पावसाविषयी देवीला कौल लावत नाहीत. मृग लागण्यापूर्वी खालची वाडी कोणालाही न विचारता टेंबावर राहायला जाते.