कॅल्क्युलस आणि उंबरजे मॅडम

"यातलं कुठलं धरू, मॅडम? आणि कुठलं सोडू?"

रेणुका फडने पिशवी टेबलावर रिकामी केली. जाडजूड संदर्भग्रंथ, गाइड, सीनियर मुलींच्या नोट्सच्या झेरॉक्स, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. वर मोबाइल ठेवला. त्यात व्हिडिओंची भलीमोठी यादी.

उंबरजे मॅडम कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, तरी अडलेली मुलं त्यांच्या अंबाजोगाईच्या घरी येत.

"यातलं काय काय वाचलंस?"

"सगळं."

"समजलं?"

"बघताना सगळं समजतं. बारावीला मला गणितात पैकीच्या पैकी होते, मॅडम. पण परवाच्या चाचणीत कॅल्क्युलसचा पेपर हातात आला आणि…"

तिने पेपर जवळजवळ कोराच दिला होता. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती.

मॅडमनी एक कोरा कागद ओढला.

"मला एक गणित घाल. अवघड बघ."

रेणुकाने प्रकरणाच्या शेवटचं, सगळ्यात किचकट लिमिटचं गणित काढून दिलं.

मॅडम लिहू लागल्या. अर्धं पान झालं. थांबल्या. सगळ्यावर एक तिरपी रेघ मारली.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा रेघ.

रेणुका चुळबुळली. वर्गात सर फळ्यावर भराभर लिहीत, व्हिडिओतली माणसं तर त्याहून भराभर. शिकवणारं माणूस अडकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, मॅडमचं आता वय झालं.

"मागे उत्तर आहे. सांगू?"

मॅडमनी नुसता डावा हात वर केला.

"व्हिडिओ पण आहे, मॅडम. लगेच…"

हात तसाच राहिला.

…

मॅडम तिसऱ्यांदा लिहीत होत्या. आता रेणुका कागदाकडे बघत होती. ओळ पुढे सरकली की तिची नजर मागच्या ओळीवर जात होती. मग ती खुर्चीतून पुढे झुकली.

"मॅडम, इथं. एक्स वर्गाचं पद लहान म्हणून सोडलंत. पण खाली छेदातही एक्स वर्गच आहे. ते सोडून नाही चालणार."

मॅडमनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"खरंय."

"तुम्ही मुद्दाम चुकलात का?"

"नाही."

आणि त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं.

रेणुकाने ते घेतलं. सोडलेलं पद घालून तिने पुढे लिहायला घेतलं. चार-पाच ओळी झरझर गेल्या. मग सगळं एवढं वाढलं, की कुठलं पद कुठून आलं तेच कळेना.

तिने मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

तिचा हात मोबाइलकडे गेला. बोटं काचेवर टेकली… आणि तिने मोबाइल उचलून पिशवीत टाकला. गाइडही टाकलं. स्वतःच्या ओळींवर तिरपी रेघ मारली आणि पहिल्या पदापासून पुन्हा धरलं.

बाहेर दिवेलागण झाली. मॅडमनी उठून दिवा लावला. कागद संपला, तेव्हा दुसरा पुढे सारला.

रेणुकाचे केस तोंडावर आले होते. तिने ते मागे सारले.

"उत्तर नाही आलं. पण कुठं घोळ होतो ते दिसायला लागलंय."

"हं."

"हॉस्टेलची मेस बंद होईल आता." ती कागदावरून मान न उचलता म्हणाली. "झाली तर झाली. हे सोडून नाही जाणार मी."

मॅडम स्वयंपाकघराकडे वळल्या.

"मग बस. तुझीही भाकरी टाकते."